समुद्र वरच्या अंगाला

मी नागपूरची. आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातली निळी बाजू, आणि तीही मुंबईवाल्यांची. अशा मुलीनं इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका बेटाच्या किनाऱ्याचा अभ्यास करावा, आणि तोही पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात बसून, हे ऐकल्यावर माझा मामा म्हणाला होता, "काहून बापा, आपल्याकडचे तलाव संपले काय?" मामाचं अगदीच चुकत नव्हतं. आमच्या विद्यापीठाच्या गावाला, स्टेट कॉलेजला, चहूबाजूंनी डोंगर, मक्याची शेतं आणि गाई. समुद्र पाहायचा तर कुणाची तरी गाडी मिळवून अर्धा दिवस जायचं, आणि गाडी मिळाली की आम्ही जायचो ते तूरडाळ आणायला. पण माझ्या सरांकडे आइल ऑफ वाइट नावाच्या त्या बेटाचे विमानातून काढलेले जुने फोटो खोक्यांनी पडले होते. मला विषय हवा होता आणि फोटोंना कुणीतरी पाहणारं हवं होतं. आमची सोयरीक जमली ती अशी.

आमचं बिऱ्हाड तळघरात होतं. खिडकी होती, पण तिच्यातून फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसत. हिवाळ्यात बूट, उन्हाळ्यात चपला, मधल्या दिवसांत दोन्ही. भिंतीलगतच्या नळ्यांमधून गरम वाफ फिरायची आणि नळ्या पहाटेपासून गुरगुरायच्या. मला ते आवाज इतके अंगवळणी पडले होते की सुट्टीत ते बंद झाले की झोप लागायची नाही. माझ्याबरोबर राहायची मृणाल. पुण्याची, संख्याशास्त्रवाली, आमटीत गूळ घातल्याशिवाय गॅस बंद न करणारी. मी मिरची घालायची, ती गूळ घालायची, आणि भांडता भांडता डाळ मात्र छान शिजायची. "यार मित्रा, आज तिखट कमी कर ना प्लीज, उद्या माझं प्रेझेंटेशन आहे," असं ती महिन्यातून चारदा म्हणायची. माझं पाळण्यातलं नाव संघमित्रा, पण तिकडे ते कुणाच्या जिभेला पेलेना, म्हणून मी सगळ्यांची मित्रा झाले. शेल्फवर बाबांनी बॅगेत घालून दिलेली हातभर बुद्धमूर्ती होती, तिच्याशेजारी मृणालचा गणपती, आणि दोघांच्या मध्ये मसाल्याचा डबा.

नागपूरच्या विमानतळावर मला सोडायला आमची अर्धी गल्ली आली होती. बाबा, मामा, शेजारच्या काकू, त्यांची नात. आई तेवढी आली नव्हती. "घरी काम आहे," म्हणाली, आणि दारातूनच आत वळली. पोरगी सातासमुद्रापलीकडे निघालीय आणि हिला काम आहे. त्याचा मला राग होता, चांगला दोन-तीन वर्षं पुरेल एवढा. फोनवर मी तो कधी बोलून दाखवला नाही, पण रविवारी आईशी बोलताना तो माझ्या आवाजात असायचा. आई काय, ती तर आवाजावरून ताप ओळखणारी बाई.

कामाबद्दल थोडं सांगायला हवं. विमानातून घेतलेले दोन लागोपाठचे फोटो आरशांच्या एका यंत्राखाली शेजारी शेजारी ठेवले आणि वरून पाहिलं, की कागदातून जमीन उठून येते. टेकडी टेकडीसारखी वर येते, घळ खाली जाते, घरांची छपरं बोटाला टोचतील असं वाटतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच बोट लावून बघितलं होतं. या कामात एक साधा नियम असतो: फोटो असा फिरवून ठेवायचा की सावल्या आपल्याकडे पडतील. नाहीतर डोळा फसतो, खड्ड्याचा उंचवटा होतो नि उंचवट्याचा खड्डा. त्या बेटावर सूर्य कायम दक्षिणेला, सावल्या उत्तरेला. म्हणून मी प्रत्येक फोटो उलटा ठेवायची, दक्षिण वर, उत्तर पोटाशी. त्यामुळे ते सबंध बेट मला उलटंच पाठ झालं. खुला समुद्र वरच्या अंगाला. उजव्या हाताला पश्चिमेचं टोक आणि त्याच्यापुढे पाण्यात उभे असलेले खडूचे पांढरे सुळके. खाली, माझ्या कोपरांपाशी, मुख्य इंग्लंडच्या बाजूची शांत खाडी आणि चिखलातून नागमोडी जाणारे ओढे.

आकारानं ते बेट शंकरपाळ्यासारखं आहे, जरा दाबलेलं. त्याच्या मधून पूर्व-पश्चिम खडूच्या टेकड्यांची रांग गेलीय, आणि टेकड्यांच्या कुशीत गावं: शोरवेल, ब्रायस्टन, चेल, निटन, व्हिटवेल. एखाददुसरं चर्च, गवतानं शाकारलेली घरं, दगडी कुंपणं, वळत वळत जाणारी एकच गल्ली. दक्षिणेचा किनारा मात्र हट्टी. तिथली माती पाणी पिऊन जड होते आणि कडेच्या कडे समुद्रात घसरतात. ओढ्यांनी कड्यांत अरुंद घळी कापल्यात, त्यांना तिथले लोक चाइन म्हणतात. सकाळी बर्फातून बसच्या थांब्याकडे जाताना मी खरं म्हणजे शोरवेलहून ब्रायस्टनला चाललेली असायची. पाय पेनसिल्व्हेनियात, डोकं तिकडे. एकदा बस समोरून निघून गेली तरी मी उभीच, कारण एका घळीशी रस्ता कुठे वळतो ते मला आठवत नव्हतं. मृणाल म्हणायची, "तुला नागपूरच्या गल्ल्या तरी इतक्या येतात का गं?" नव्हत्या येत.

गावातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये बुधवारी दुपारी परदेशी विद्यार्थ्यांसाठी चहा असे. आम्ही जायचो ते केकसाठी, उगाच खोटं कशाला बोलू. तिथे किटली घेऊन फिरणारी एक म्हातारी होती, ठेंगणी, गुडघ्यांनी बेजार, पण कपात चहा ओतताना हात हलत नसे. तिचं नाव आयव्ही. तिनं मला विचारलं, कुठली तू? मी म्हटलं, नागपूर, तुम्हाला माहीत नसेल. ती म्हणाली, "मग आपण सारख्याच. मीही अशा बेटावरची आहे जे इथे कुणाला माहीत नसतं." बेटाचं नाव ऐकून मी केक खाली ठेवला. गाव विचारलं. तिनं सांगितलं. ते नाव मी इथे मुद्दाम देत नाही, तिथे अजून माणसं राहतात. आणि मी, काय अंगात आलं कोण जाणे, म्हणत गेले: वरच्या रस्त्यानं आलं की चर्च, चर्चच्या मागे वळण, मग लांबट गोठा, गोठ्यापुढे तळं, तळ्यापुढे रस्ता फुटतो, डावीकडचा घळीत उतरतो आणि उजवीकडचा कड्यावरच्या चार घरांकडे जातो.

आयव्ही किटली घेऊन तशीच उभी होती. मग ती सावकाश खुर्चीवर बसली. "शेवटचं घर आमचं," ती म्हणाली. "तू कधी गेली होतीस?"

"कधीच नाही."

"मग तुला कसं ठाऊक?"

ते सांगण्यात पुढचा सबंध हिवाळा गेला. माझ्याकडे जागा होत्या, तिच्याकडे बाकी सगळं. माझे फोटो काळे-पांढरे. कुठलं फाटक हिरवं होतं, गोठ्यातून कसला वास यायचा, धुक्यात दीपगृहाचा भोंगा कसा गाईसारखा हंबरायचा, हे तिनं सांगितलं. तिची आई खेकडे उकडायची आणि सबंध गल्लीतल्या मांजरी दाराशी जमायच्या. मी तिला कुठला मळा किती लांब, कुठली पायवाट कुठे निघते हे सांगायची, आणि ती डोळे मिटून हो हो म्हणायची. आम्ही दोघी तिला मराठीतून आयव्ही मावशी म्हणायचो. मावशी म्हणजे आईची बहीण, असं मृणालनं समजावून सांगितल्यावर ती खूश झाली, आणि स्वतःच फोनवर "मावशी बोलतेय" म्हणू लागली.

युद्ध संपल्यावर एका अमेरिकन सैनिकाशी लग्न झालेली आयव्ही, विशीतली, ऑगस्टातल्या एका सोमवारी बोटीत बसून निघून आली होती. नवरा चांगला होता, संसार चांगला झाला, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार एकाच गोष्टीची होती. निरोपाला मावश्या, आत्या, चुलत भावंडं सगळी येऊन राहिली होती, धक्क्यावर सगळी आली, आणि आई तेवढी आली नाही. काम आहे म्हणाली. पुढे चार वर्षांत आई वारली, आणि ते विचारायचं राहून गेलं. मी तिला माझ्या आईचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रडू आलं असतं, आणि मला कुणापुढे रडायला आवडत नाही.

त्या वसंतात आयव्ही मावशीच्या मुलीनं बेत काढला, आईला एकदा बेटावर न्यायचं. मावशीनं मला विचारलं, "घर असेल ना?" आणि इथे माझ्यावर धर्मसंकटाचा प्रसंग आला. घर असेल, असं माझे अलीकडचे फोटो सांगत होते. पण माझ्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण नेमकं त्याच चार घरांवर होतं. युद्धानंतरच्या एका फोटोत त्या घरांच्या मागे एक लांब काळी रेघ दिसत होती, आणि तिच्या कडेनं ओळीनं पांढरे स्वच्छ ठिपके. मी ती भेग ठरवली होती, आणि ठिपके म्हणजे भेगेच्या कडेला नुकतीच उघडी पडलेली पांढरी माती. म्हणजे जमीन तेव्हाच हलू लागलेली. म्हणजे कडा पुढच्या खेपेला तुटेल तो त्याच रेघेवर, चारही घरं घेऊन. पुढच्या सगळ्या फोटोंत तिथे झाडी माजली होती, खालचं काही दिसत नव्हतं. मी मावशीला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मग नको. जे जायचंय ते बघायला इतक्या लांब कशाला जाऊ?" मुलीनं तिकिटं कॅन्सल केली नाहीत, पण मावशी ऐकेना.

इकडे सर माझ्या मागे लागले होते: जाऊन बघून ये, नाहीतर ती भेग लिहू नकोस. पण माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. अमेरिकेत राहायला हरकत नव्हती, पण एकदा बाहेर पाऊल टाकलं की परत येताना नव्यानं व्हिसा, नव्यानं चौकशी. त्या वर्षांत सगळेच धास्तावलेले असत. आमच्याच खात्यातला एक मुलगा बहिणीच्या लग्नाला म्हणून घरी गेला तो सहा महिने तिकडेच अडकला. आमच्या घरात परदेशी शिकायला निघालेली मी पहिलीच. मध्येच सुटलं तर बाबांना काय सांगायचं? गेले तर डिग्री धोक्यात, न गेले तर प्रकरण धोक्यात. इकडे आड तिकडे विहीर, दुसरं काय.

बर्फ वितळल्यावर मी मावशीला जेवायला बोलावलं. हिवाळाभर तिला आमच्या तळघराच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या, तेव्हा ती पहिल्यांदाच येत होती. मी नागपुरी गोळाभात केला. मृणालनं कढी केली, गोड, सांगायला नको. मावशीनं डाळीचे गोळे मोडून भातात कालवले, वरून फोडणीचं तेल घेतलं, आणि पाणी न मागता जेवली. काळ्या रेघेचा तो फोटो आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर महिनोन्‌महिने टांगलेला होता. त्याचा जोडीचा फोटो खोक्यातून हरवला होता, म्हणून तो यंत्राखाली कधी गेलाच नाही. मी मोठा करून घेतला आणि नकाशा लावतात तसा लावला, उत्तर वर. कोपऱ्यावर हळदीचा डागही पडला होता. जेवण झाल्यावर मी तो काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि मावशीला तिचं घर दाखवलं. ती समोरच्या बाजूला बसली होती.

तिनं चष्मा वर केला, खाली केला. घर सापडलं. फाटक सापडलं. मग तिचं बोट त्या काळ्या रेघेवर आलं.

"हे आमचं कुंपण," ती म्हणाली.

"नाही मावशी, तीच ती भेग."

"भेग कसली? कुंपण आहे. काटेरी झुडपांचं, माझ्या खांद्याएवढं. बाबा दर वर्षी कापायचे." मग बोट एकेका पांढऱ्या ठिपक्यावरून सरकत गेलं. "आणि या चादरी. आई कुंपणावर वाळत घालायची." तिनं ठिपके मोजले. "पण इतक्या चादरी आमच्याकडे नव्हत्याच."

मी म्हटलं, मावशी, साठ वर्षं झाली, माणसाची आठवण आहे. सिंकपाशी भांडी घासणारी मृणाल म्हणाली, "अगं, तिच्या बाजूनं जाऊन बघ तरी." मी उठले. टेबलाला वळसा घालून मावशीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तिच्या बाजूनं फोटो उलटा होता, समुद्र वरच्या अंगाला. सावल्या आमच्याकडे पडत होत्या. आणि ती रेघ, जी मला सबंध वर्षभर जमिनीत खोल गेलेली दिसत होती, ती सावकाश वर आली. हिरवी दिसली म्हटलं तर खोटं होईल, पण जवळजवळ हिरवी दिसली. बाकी शेकडो फोटो मी नियमानं उलटे पाहिले, आणि जो रोज वरणाला फोडणी देताना डोळ्यांपुढे होता, तोच सुलटा टांगून फसले. आणि कुंपणावर वाळत घातलेलं धुणं मला ओळखू येऊ नये? आमच्या गल्लीत मी दुसरं बघितलं काय होतं?

सरांनी फोटो दोन्ही बाजूंनी धरून पाहिला. मग हळूच म्हणाले, "धुणं?" मी म्हटलं, धुणं. प्रकरण गेलं. डिसेंबरची डिग्री पुढच्या मेवर गेली. त्याचं वाईट वाटलंच, नाही असं नाही. दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही आणि मृणालनं आपणहून आमटीत मिरची घातली. पण तिसऱ्या दिवशी बसच्या थांब्यावर उभी असताना मनात आलं, ती चार घरं आता निदान माझ्या रेघेनं तरी पडत नाहीत. मी तिथेच मोठ्यानं हसले. शेजारचा मुलगा जरा सरकून उभा राहिला.

आता मी अमेरिकेतल्याच अ‍ॅशबर्नला असते. नकाशांचंच काम, पण सगळं संगणकावर, आणि तिथे उत्तर आपोआप वर येऊन बसते. तो फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत आहे, मी लावलाय तसा, समुद्र वर. येणारे पाहुणे उलटा लागलाय म्हणून सरळ करायला जातात. माझी मुलगी त्यांना सांगते, "डोन्ट टच, आई विल किल यू." बेटावर मी अजूनही गेलेले नाही. आता कुठलाच कागद आडवा येत नाही, तरी नाही.

भेग नाहीच म्हटल्यावर मावशी मात्र त्याच वर्षी बेटावर गेली. जूनमधली सकाळ होती, मी पोह्यांना फोडणी देत होते आणि फोन वाजला. तिच्या मुलीच्या मोबाइलवरून मावशी बोलत होती, धापा टाकत. गावात नवे बंगले झालेत, काहीच ओळखू येत नाही, मुलगी गाडी लावायला गेलीय, आणि मी चर्चपाशी उभी आहे, आता कुठे जाऊ? मी गॅस बंद केला, फोटो भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला, उलटा.

"चर्चच्या मागे वळण आहे. तिथून समुद्राकडे तोंड करून चाला."

"गोठा नाही."

"तिथे काय आहे?"

"लोकांची घरं. लांबट."

"मग तोच. पुढे डाव्या हाताला तळं."

"तळं कुठलं गं, मोटारी उभ्या आहेत."

"त्याच. आता रस्ता फुटेल, उजवीकडचा घ्या. सावकाश या मावशी, गुडघे सांभाळा."

मृणाल डोळे चोळत बाहेर आली आणि कढईतले अर्धे पोहे तसेच राहिलेले बघून माझ्याशेजारी बसली. फोनवर नुसती पावलं ऐकू येत होती, मध्येच वारा. मी बोटानं तिच्याबरोबर चालत होते. एक घर, दुसरं, तिसरं. मग पावलं थांबली.

"फाटक आता निळं आहे," मावशी म्हणाली. नंतर पुन्हा पावलं, गवतातून. मग तिचा आवाज आला, अगदी साधा, चहाला साखर किती विचारावी तसा. "कुंपण आहे गं मित्रा. मी आत्ता त्याला हात लावलाय. त्या चादरींचा विचार मी विमानात सबंध वेळ करत होते. इतक्या चादरी आमच्याकडे नव्हत्या. त्या पाहुण्यांच्या. माझ्या निरोपाला आलेल्या लोकांना अंथरायला शेजारून मागून आणल्या होत्या. आणि धुण्याचा वार सोमवार. मी निघाले तो सोमवार. मी बोटीत बसले होते, आणि आई इथे चादरी धूत होती. सगळ्या. एकटी."

फोटोवर नुसतं वर्ष नि महिना होता, वार नव्हता. शेतांत कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या उभ्या होत्या, म्हणजे ऑगस्ट खरा, पण ऑगस्टात सोमवार चार. इतका पुरावा प्रबंधात पुरला नसता. मी तिला ते सांगितलं नाही. मी म्हटलं, "हो मावशी. काम होतं त्यांना."

"होतं ना," ती म्हणाली, आणि मग रडली, आणि मीही रडले. मृणालनं माझ्या हातातून झारा काढून घेतला.

फोन ठेवल्यावर मी नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. रविवार नव्हता, म्हणून आई घाबरली. मी म्हटलं, काही नाही झालं, फक्त एक सांग, मी निघाले त्या दिवशी तू विमानतळावर आली नाहीस, काय काम होतं तुला?

मागे कुकरची शिट्टी झाली.

"काही नाही," ती म्हणाली. "डाळ निवडत बसली होती."

"दिवसभर?"

"विमान किती वाजता आहे ते माहीत होतं नं मला. तोवर निवडली. मग निवडून झाली, तर परत परातीत ओतली अन् परत निवडली."